आठ पायांचा मृगाचा किडा: कीटकांवरचा चित्रकला-विज्ञान जोडप्रकल्प शाळेत कसा करायचा

शाळा उघडली त्याच आठवड्यात सातवीतल्या एका मुलानं कंपासपेटीतून मृगाचा किडा आणला. लालभडक, मखमली, तुरीच्या दाण्याएवढा. मी विज्ञान शिकवते. म्हटलं, वहीत काढ. त्यानं काढला, बाजूला बाण करून 'सहा पाय' असं लिहिलं आणि मी त्यावर लाल पेनानं बरोबरची खूण केली. मधल्या सुट्टीत चित्रकलेच्या सरांनी स्टाफरूममध्ये ती वही पाहिली, मग कंपासपेटी उघडली, मग पुन्हा वही पाहिली. म्हणाले, "बाई, याला पाय आठ आहेत."

आठच होते. नावात 'किडा' असला तरी तो कीटक नव्हे. कोळी, विंचू, गोचीड यांच्या कुळातला. गंमत म्हणजे याच्या पिल्लांना सहाच पाय असतात आणि ती कीटकांच्या अंगाला चिकटून जगतात. पण त्या मुलासमोर होता तो पूर्ण वाढलेला. कीटकाला सहा पाय हे त्याला पाठ होतं, मलाही पाठ होतं, म्हणून दोघांनीही मोजले नाहीत. मोजले ते फक्त सरांनी, कारण त्यांना धड्यातलं काही ठाऊक नव्हतं.

तिथून आमचा जोडप्रकल्प सुरू झाला. पुढे जे लिहिलं आहे ते तीन पावसाळ्यांत केलेलं, फसलेलं आणि दुरुस्त केलेलं आहे. एक गोष्ट आधीच सांगते. 'विज्ञानाचा प्रकल्प करा आणि शेवटी छान चित्रं काढून सजवा' असा हा प्रकार नाही. इथे चित्र पहिल्या दिवशी येतं. मुलानं काय पाहिलं आणि काय पाहिलंच नाही, हे चित्रात जितकं लख्ख दिसतं तितकं लेखी उत्तरात कधीच दिसत नाही.

आधी दोन शिक्षकांनी बसायचं

वेळ सहा आठवडे धरा, जुलैच्या सुरुवातीपासून. विज्ञानाचा एक तास आणि चित्रकलेचा जोडतास, एवढं दर आठवड्याला मिळालं तरी पुरतं. पाऊस स्थिरावलेला असतो, पालवी असते, अळ्या असतात. गणपतीच्या आत आवरतं घ्या. पुढे ग्रेड परीक्षांची तयारी लागली की चित्रकलेच्या सरांना श्वास घ्यायला फुरसत नसते.

सामान फारसं लागत नाही. चार मुलांत एक भिंग, आलेख कागद, ट्रेसिंग पेपर, एचबी आणि टूएच पेन्सिली, कंपासमधला डिव्हायडर, सुतळी, प्लॅस्टिकच्या मोठ्या बरण्या, त्यांच्या तोंडाला बांधायला जुन्या साडीचे किंवा मलमलीचे तुकडे. मोबाइल शिक्षकाचा एकच. भिंगावर कॅमेरा टेकवून काढलेला फोटो पुरेसा स्पष्ट येतो, पण तो चित्र पूर्ण झाल्यावरच दाखवायचा. आधी दाखवला की मुलं फोटो काढतात, कीटक काढत नाहीत.

मुख्याध्यापकांची परवानगी आणि पालकांना चार ओळींची सूचना, हे टाळू नका. सूचनेत लिहा की मुलं कीटक मारणार नाहीत, टाचण्यांना टोचून संग्रह करणार नाहीत. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात काही फुलपाखरंही येतात, आणि कुठलं येतं कुठलं नाही हे सातवीतल्या मुलानं ठरवावं अशी अपेक्षा करता येत नाही. सरळ नियम ठेवा: जिवंत असेल तर बघून सोडायचा, मेलेला हवा असेल तर ट्यूबलाइटखाली आणि खिडकीच्या चौकटीत शोधायचा. रोज सकाळी तिथे इतका माल पडलेला असतो की सहा आठवडे पुरून उरतो.

धोक्याच्या गोष्टी मात्र पहिल्याच तासाला, दरडावून सांगायच्या. केसाळ अळीला हात नाही. २०२२ साली घोणस अळीच्या बातम्या सगळ्यांनी वाचल्या होत्या. ती दिसायला हिरवीगार, नक्षीदार, आणि अंगावरच्या काट्यांनी भयंकर दाह करणारी. आग्या मोहोळ किंवा गांधीलमाशीचं पोळं दिसलं तर मागे फिरायचं आणि शिक्षकांना सांगायचं. दगड उलटायचा तर काठीनं, विंचू असतो. रुईचा चीक डोळ्यांत गेला तर धावपळ होते, म्हणून रुईवरची अळी झाडावरच बघायची. कण्हेरीचंही तेच.

पहिला तास: न बघता मुंगी

अर्ध्या कार्डशीटवर प्रत्येकानं आठवून मुंगी काढायची. दहा मिनिटं. पुस्तक नाही, शेजाऱ्याचं नाही. मुलं हसतात, मुंगी काय काढायची, रोज तर बघतो.

आमच्या वर्गात पहिल्या वर्षी आलेल्या मुंग्यांपैकी निम्म्याहून अधिक दोनच मण्यांच्या होत्या. काहींना चार पाय, एकीला दहा. बहुतेकांचे पाय शरीरभर सारखे वाटून दिलेले: दोन डोक्याजवळ, दोन मध्ये, दोन पोटाला. एकीला पापण्या होत्या. या कागदांवर नाव आणि तारीख घालून ते गठ्ठ्यात बांधून ठेवा. दुरुस्त करू नका, गुणही देऊ नका. शेवटी त्यांचंच सगळ्यात जास्त काम पडतं.

मग प्रत्येक गटाला वाटीत साखरेचे चार दाणे आणि भिंग देऊन व्हरांड्यात बसवा. मुंगळे आले तर उत्तम, मोठे असतात. आता प्रश्न विचारायचे, उत्तर द्यायचं नाही. पाय नक्की कुठून निघतात? मिशा सरळ आहेत की कोपरातून वाकल्यासारख्या? डोक्यामागचा भाग आणि पोट यांच्या मध्ये काय आहे? ओरडा सुरू होतो: "बाई, सगळे पाय मधल्या भागालाच आहेत!" डोकं, वक्ष, उदर हे तीन शब्द आणि पाय वक्षालाच असतात हे वाक्य मी त्यानंतर फळ्यावर लिहिते. आधी नाही. पुन्हा नवा कागद, पुन्हा मुंगी. पहिल्या आणि दुसऱ्या कागदातला फरक हा पहिल्या आठवड्याचा सगळा अभ्यास.

गट करताना झालेली चूक

पहिल्या वर्षी मी फार हुशारीनं गट केले. प्रत्येक गटात एक चित्रकला चांगली असलेला, एक अक्षर चांगलं असलेला, एक धीट, एक हिशेबी. कामंही तशीच वाटली. निकाल असा लागला की एका मुलीनं सहा आठवड्यांत पाच सुंदर चित्रं काढली आणि एकदाही भिंगाला डोळा लावला नाही. तिला दुसरा मुलगा वर्णन सांगायचा. तो स्वतः रेघ ओढायला तयार नव्हता, "मला येत नाही" म्हणून. दोघंही आपापल्या खोलीत आणि मध्ये दार बंद.

आता चौघांची चार कामं दर आठवड्याला फिरतात: शोधणारा, मोजणारा, काढणारा, लिहिणारा. चित्र 'वाईट' आलं तरी त्या आठवड्याचं चित्र त्याचंच. सर पहिल्याच दिवशी जाहीर करतात की सुबकपणाला गुण शून्य, खरेपणाला सगळे. यावर चित्रकलेत पहिली येणारी मुलं थोडी रुसतात. रुसू द्यावं.

एक गट, एक झाड

शाळेच्या आवारात किंवा वाटेवर प्रत्येक गटानं एक झाड निवडायचं आणि सहा आठवडे तेच धरायचं. लिंबू, कढीपत्ता, जास्वंद, शेवगा, तूर, भेंडी, कडुनिंब, काहीही चालेल. फवारणी होणारं झाड मात्र नको. आठवड्यातून दोनदा, ठरलेल्या वेळी, वीस मिनिटं. वहीत तारीख, वेळ, ऊन की ढग, कुठला कीटक, किती, पानाच्या वर की खाली, काय करत होता. नाव माहीत नसलं तर टोपणनाव द्यायचं: 'काळा चपटा', 'नाचरा हिरवा'. नावाच्या शोधात अडकलं की बघणं थांबतं.

शेतकऱ्यांच्या मुलांची इथे मजा असते. मावा, तुडतुडे, फुलकिडे, पिठ्या ढेकूण हे शब्द ती घरून घेऊन येतात. आमच्या भेंडीच्या गटातल्या मुलानं पानामागचा मावा पाहून लगेच औषधाचं नाव सांगितलं. त्याच पानावर ढालकिडा होता, नारिंगी पाठीवर काळ्या नागमोडी रेघांचा. मी म्हटलं, दहा मिनिटं नुसता बघ. दहा मिनिटांत त्यानं मावा खाताना पाहिला, एकामागून एक. त्याच्या वहीतलं त्या दिवसाचं चित्र म्हणजे सलग चार चौकटी होत्या, चित्रकथेसारख्या: माव्याची रांग कमी कमी होत गेलेली. चौथ्या चौकटीखाली त्यानं मिनिटं लिहिली होती. हे चित्र होतं आणि तक्ताही होता.

ज्यांना जमेल त्यांनी एक रात्र करावी. पांढरी चादर दोरीवर, समोर दिवा, साडेसात ते नऊ, पालक सोबत. अंधारी, दमट, वारा नसलेली रात्र हवी. जुलैच्या शेवटी २०१२पासून पतंगांचा आठवडाही पाळतात, तेव्हा निमित्त मिळतं. पावसाळ्याच्या सुरुवातीला केलं तर हुमणीचे, म्हणजे उसाची मुळं खाणाऱ्या अळीचे, भुंगेरे धडाधड आपटतात आणि एखादा आजोबा ऊस कसा वाळला ते सांगायला लागतो.

अळी पाळायची

लिंबाच्या किंवा कढीपत्त्याच्या कोवळ्या पानावर पक्ष्याच्या शिटेसारखं काही दिसलं तर हात लावण्याआधी नीट बघा. काळपट तपकिरी, मध्ये पांढरा पट्टा, आणि पुढचं टोक हलतं. ही लिंबाच्या फुलपाखराची किंवा कॉमन मॉर्मनची लहान अळी. पक्षी शीट समजून सोडून देतात. चारदा कात टाकते आणि शेवटच्या टप्प्यात एकदम हिरवीगार होते. डिवचलं की डोक्यामागून शिंगांची जोडी बाहेर काढते आणि कुजट वास सोडते. वर्गात हा प्रसंग घडला की विज्ञान हा सगळ्यात आवडता विषय होतो, दोन दिवस तरी.

एका बरणीत दोनच अळ्या. तळाला कागद, वर कापड, आत ताजी फांदी लहान बाटलीत पाण्यात खोचून. बाटलीचं तोंड कापसानं बंद करा, नाहीतर अळी पाण्यात उतरून बुडते. आमची बुडाली होती. रोज विष्ठा काढायची, कागद बदलायचा, पान त्याच जातीचं द्यायचं. शनिवार-रविवार बरणी कुणाच्या घरी जाणार याची यादी आधीच करा. वर एक सुकी काटकी तिरकी ठेवा. कोष तिथे बांधते, कमरेला रेशमाचा धागा घालून.

आता मोजमाप. फांदीला किती पानं ठेवली ते मोजा आणि प्रत्येक पान ठेवण्याआधी आलेख कागदावर त्याची कड गिरवा. दुसऱ्या दिवशी उरलेलं पान त्याच आकृतीवर ठेवून पुन्हा गिरवा. दोन कडांमधले चौरस मोजले की अळीनं किती खाल्लं ते चौरस सेंटिमीटरमध्ये मिळतं. अर्ध्याहून मोठा चौरस पूर्ण धरायचा, लहान सोडायचा. दोन आठवड्यांचे कागद ओळीनं भिंतीवर लावले तर कुणाला आलेख समजावून सांगावा लागत नाही: सुरुवातीला पानाच्या कडेला नखाएवढी खाच, शेवटच्या चार-पाच दिवसांत आख्खं पान गायब, देठ तेवढा शिल्लक. आमच्याकडे येणाऱ्या कलावंत पालकांना हेच कागद सगळ्यात जास्त आवडले, आणि त्यात कुणीही 'चित्र' काढलेलं नव्हतं.

अंड्यापासून फुलपाखरापर्यंत आमच्याकडे साधारण महिना लागला. पंखाला शेपटी आली तर मॉर्मन, नाही आली तर लिंबाचं. तोवर पैजा चालतात. पंख वाळेपर्यंत हात लावायचा नाही, मग त्याच झाडाजवळ सोडायचं.

कधीकधी कोषातून फुलपाखरू येतच नाही. कोष काळा पडतो, एका बाजूला बारीक भोक दिसतं आणि बरणीत लहानशा माश्या किंवा गांधिलींसारखे चिमुकले जीव फिरत असतात. परजीवी कीटकानं आधीच आत अंडी घातलेली असतात. मुलं रडतात, खरंच रडतात. या गटाला दुसरी अळी शोधून देऊ नका. त्यांचं चित्र हेच: कोष, भोक, आणि आलेला पाहुणा. दुसऱ्या वर्षी प्रदर्शनात सगळ्यात जास्त वेळ लोक याच पानापुढे थांबले.

झाड, अंडं, अळी, कोष आणि पूर्ण कीटक हे सगळं एकाच पानावर मांडायची रीत मारिया सिबिला मेरियन या बाईंनी रुजवली. जन्म १६४७, फ्रँकफर्ट. तेराव्या वर्षी रेशमाचे किडे पाळून त्यांची चित्रं काढत होत्या आणि १६९९ साली, पन्नाशी उलटल्यावर, धाकट्या मुलीला घेऊन दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामला गेल्या, तिथल्या अळ्या कुठल्या झाडावर वाढतात ते बघायला. किडे चिखलातून आपोआप निपजतात असं मानणारे लोक तेव्हा पुष्कळ होते. आम्ही मुलांना त्यांची रीत दाखवतो आणि सांगतो, तुमचं शेवटचं पान असं असू द्या. झाड नसलेली अळी आम्ही परत करतो.

मोजून काढायचं

हा भाग चित्रकलेच्या सरांचा, मी फक्त बाकावर बसून शिकते. त्यांचा क्रम असा.

मेलेला कीटक पांढऱ्या कागदावर ठेवा. डिव्हायडरनं लांबी घ्या. समजा भुंगेरा १२ मिलिमीटर आहे आणि दसपट काढायचा आहे. म्हणजे कागदावर १२० मिलिमीटरची उभी मध्यरेषा. डोकं किती, वक्ष किती, उदर किती, प्रत्येक माप दहानं गुणून रेषेवर खुणा. वरून पाहिलं तर कीटकाच्या डाव्या-उजव्या बाजू एकमेकींची आरशातली प्रतिमा असतात, म्हणून अर्धाच भाग ट्रेसिंग पेपरवर काढा, कागद उलटा करा आणि दुसरा अर्धा छापा. इथे एक सापळा आहे. मेलेल्या कीटकाचा पाय तुटलेला असू शकतो आणि उलटलेल्या कागदात तो 'आपोआप' पूर्ण होतो. पाय नसेल तर चित्रातही तुटकी रेघ द्यायची आणि बाजूला लिहायचं: 'हा पाय नव्हता.'

प्रकाश डावीकडून वरून येतो असं धरून छटा. जाड काळी बाह्यरेषा नको. छटेसाठी घासण्याऐवजी पेनाचे ठिपके, गडद भागात दाट, उजळ भागात विरळ. एका भुंगेऱ्याला दोन तास लागतात, आणि दोन तास एकाच भुंगेऱ्याकडे बघितलेल्या मुलाला पंखाच्या कवचावरच्या बारीक खड्ड्यांच्या ओळी पाठ होतात. खाली एक सेंटिमीटरची मापपट्टी आणि 'दसपट' हा शब्द. माशी काढणाऱ्यांना सांगा, पंख मोजा. दोनच असतात, मागच्या जोडीच्या जागी दोन बारीक गाठी असतात, तोल सांभाळणाऱ्या. शंभरात नव्वद मुलं सवयीनं चार काढतात.

रंगात एक अडचण येते ती सांगून ठेवते. हिरव्या चमकत्या भुंगेऱ्याची झिलई पोस्टर कलरमध्ये येत नाही, कितीही मिसळा. ती झिलई रंगद्रव्याची नसतेच. कवचातल्या अतिशय पातळ थरांवरून प्रकाश परततो त्यातून ती तयार होते, साबणाच्या फुग्यासारखी, म्हणून कोन बदलला की रंग बदलतो. सरांनी यावर उपाय काढला: एकाच भुंगेऱ्याची तीन लहान चित्रं, तीन कोनांतून, तीन रंगांत. मला त्यातून प्रकाशाचा धडा फुकट मिळाला.

'छान आहे' म्हणायचं नाही

पहिला कच्चा आराखडा झाला की गट एकमेकांची चित्रं तपासतात. नियम दोनच. 'छान' आणि 'घाण' हे शब्द बंद. आणि जे सांगायचं ते कीटकावर बोट ठेवून सांगायचं. "तुझ्या चतुराचे डोळे डोक्याच्या बाजूला आहेत. बघ, इथे वर ते एकमेकांना टेकलेत." असं. सुरुवातीला शांतता पसरते, कारण 'छान' काढून घेतल्यावर मुलांना काय बोलायचं ते कळत नाही. दुसऱ्या आठवड्यापासून थांबवावं लागतं. अमेरिकेतल्या आयडाहोमध्ये पहिलीतल्या एका मुलानं वर्गमित्रांच्या अशाच सूचनांवरून एक फुलपाखरू सहा वेळा काढलं, ते शिक्षकांच्या वर्तुळात बरंच गाजलेलं उदाहरण आहे. पहिलं चित्र कुणाही लहान मुलाचं वाटावं असं, सहावं पाहून वय ओळखता येत नाही. आमच्याकडे तीन वेळा काढून होतं. तेवढ्यानंही पुष्कळ फरक पडतो.

कोड्याचं पत्र

सगळ्या प्रकल्पातला माझा सगळ्यात लाडका भाग. 'अ' गट आपल्या कीटकाचं फक्त शब्दांत वर्णन लिहितो. नाव नाही, चित्र नाही, 'सारखा' हा शब्द जास्तीत जास्त दोनदा. ते पत्र 'ब' गटाकडे जातं. 'ब' गटानं कीटक पाहिलेला नाही; त्यांनी पत्रावरून चित्र काढायचं. मग दोन्ही गट, पत्र, चित्र आणि खरा कीटक एका टेबलावर.

ढालकिड्याच्या गटानं लिहिलं होतं: 'गोल आहे, नारिंगी आहे, पाठीवर काळी नक्षी आहे, पाय सहा.' उत्तरादाखल आलं ते नारिंगी टरबूज, त्यावर वारली पद्धतीची नक्षी आणि कडेनं सहा लांबलचक पाय. लिहिणारे संतापले. "आम्ही असं कुठे म्हटलं?" काढणारे शांतपणे म्हणाले, "असं नाही असंही कुठे म्हटलंय?" यावर मी एक अक्षरही बोलले नाही. दुसऱ्या पत्रात आलं: 'लांबी ५ मिलिमीटर, रुंदी ४. वरून जवळजवळ गोल, बाजूनं पाहिलं तर अर्धा वाटाणा. पाठ मधोमध उभ्या रेषेनं दुभंगलेली. रेषेच्या दोन्ही बाजूंना आडव्या नागमोडी रेघा. पाय वरून दिसत नाहीत, दिसले तर टोकं तेवढी.' शास्त्रीय वर्णन कसं लिहावं यावर मी वर्षानुवर्षं तास घेतले होते, तरी असं वाक्य माझ्या वाट्याला आलं नव्हतं.

शेजारच्या शाळेशी ओळख असेल तर हीच पत्रं टपालानं पाठवा. आम्ही एकदा केलं. उत्तर यायला पंधरा दिवस लागले, आणि रोज कुणीतरी शिपाईमामांना विचारून यायचं.

अर्ध्या मीटरची मुंगी

मॉडेल करायचंच असेल तर एकच करा आणि मापानं करा. आम्ही पाच मिलिमीटरची मुंगी शंभरपट करायची ठरवली, म्हणजे अर्धा मीटर. प्रत्येक गटाकडे एक भाग: डोकं व जबडे, वक्ष, उदर, पाय, मिशा. माप न जुळलं तर जोड बसत नाही, त्यामुळे गटागटांत आपोआप बोलणं सुरू होतं. शरीर शाडूचं, पाय तारेचे, सगळं शंभरपट.

मुंगी उभी केली आणि ती हळूहळू खाली बसली. पाय फाकले. मुलांनी तार बदलली, पुन्हा बसली. सर म्हणाले तार जाड घ्या. एका मुलीनं विचारलं, "मग खऱ्या मुंगीचे पाय का नाही वाकत?"

त्या तासाला ठरलेला धडा बाजूला ठेवला. फळ्यावर एक घन काढला आणि दुप्पट केला: लांबी दुप्पट, पृष्ठभाग चौपट, घनफळ आठपट. मग शंभरपट. वजन दहा लाख पट होतं, पायाच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ फक्त दहा हजार पट. पायाच्या प्रत्येक कणावर शंभरपट ओझं. सिनेमातली हत्तीएवढी मुंगी का शक्य नाही ते मुलांनी आपल्या शाडूच्या मुंगीकडे बघून समजून घेतलं. शेवटी शाडू काढून कागदाच्या लगद्याचं पोकळ शरीर केलं, आतून बांबूच्या कामट्या. उभी राहिली. पडलेल्या मुंगीचा फोटो पाटीसकट शेजारी लावला.

आजीकडून नावं

घरचा अभ्यास: आजी-आजोबांना विचारून पाच कीटकांची गावातली नावं आणि त्यांच्याबद्दलची एखादी समजूत लिहून आणा. वहीत दोन रकाने: 'सांगतात असं' आणि 'आम्ही पाहिलं असं'.

कुंभारीण जवळपास प्रत्येक घरातून येते. भिंतीवर, दाराच्या कोपऱ्यात मातीचं मडकं घडवणारी ती गांधिलीच्या जातीची माशी. ती अळी आणून कोंडते, भोवती गुणगुणते आणि ध्यास लागून अळीचीच कुंभारीण होते, असं आजी सांगते. कीर्तनात ऐकलेला भृंगकीटक न्याय तो हाच. वर्गात आम्ही एक सोडून दिलेलं, भोक पडलेलं मडकं टोकदार पेन्सिलीनं उकललं. आत कोळ्यांच्या वाळक्या पायांचा ढीग आणि कोषाचं तपकिरी टरफल. काही जाती अळ्या भरतात, काही कोळी; डंख मारून लुळं केलेलं हे भक्ष्य मडक्यात असतं, तिथेच अंडं असतं आणि पिल्लू त्याच्यावर वाढतं. आत गेली अळी, बाहेर आली कुंभारीण, एवढं आजीनं अगदी बरोबर पाहिलं होतं. मधलं दिसायला मडकं फोडावं लागतं. एका मुलानं मडक्याचा उभा छेद काढला, कप्प्यांसकट. तो आम्ही आजींना बोलावून दाखवला. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "मग ती गुणगुणते कशाला?" पंखांचा आवाज, असं मुलं म्हणाली. आजींचं समाधान झालं असं वाटलं नाही.

मांडणी आणि गुण

प्रदर्शनाला फार सजवू नका. थर्मोकोल नको, चमकी तर नकोच. प्रत्येक मुलाची पहिली आठवून काढलेली मुंगी डावीकडे, शेवटचं चित्र उजवीकडे, मध्ये निरीक्षणवही उघडी. शेजारी मुलगा स्वतः उभा. बस्स. पाहुण्यांनाही दारात कागद-पेन्सिल द्या आणि आत जाण्याआधी मुंगी काढायला लावा. आमच्या केंद्रप्रमुखांनी काढलेल्या मुंगीला आठ पाय होते. ती आम्ही नाव न घालता लावली.

गुण दोन्ही शिक्षकांनी एकाच कागदावर, एकत्र बसून द्यायचे: अचूकपणा, मोजमाप, पहिल्या-शेवटच्या चित्रातला फरक, दुसऱ्याला केलेली उपयोगी सूचना. आमचे मतभेद होतात आणि मोठ्यानं होतात. एकदा एका चित्रावर अर्धा तास वाद झाला, शेवटी खिडकीतली माशी पकडून मोजावी लागली.

चित्रं साठवताना मैद्याची खळ वापरू नका, ही शेवटची सूचना अनुभवाची आहे. पहिल्या वर्षीचा गठ्ठा मी खळीनं चिकटवून कपाटात ठेवला होता. पुढच्या जूनमध्ये उघडला तर कडा कुरतडलेल्या आणि आतून चंदेरी काहीतरी सळसळत पळालं. कसर. पिष्टमय खळ तिला फार आवडते. मी गठ्ठा उन्हात टाकायला निघाले तेवढ्यात आठवीत गेलेल्या त्याच मुलानं, मृगाचा किडा आणणाऱ्या, वाटी उपडी घालून एक पकडली. भिंग मागितलं. बराच वेळ गप्प होता.

"सहा," म्हणाला. "आणि मागं तीन शेपट्या. पंख नाहीत, बाई. मोजून सांगतोय."